मोरीचं तेल

मित्रांनो, बुरोंडीच्या बंदरावर जाळी ठेवायची एक खोप आहे. तिच्या कुडाला टेकून जी जुनी मोटरसायकल उभी आहे, ती मी. माझ्या सीटवर कोंबड्या बसतात आणि आरशाला कुणीतरी गळाची दोरी बांधून ठेवली आहे. मला त्याचा राग नाही. राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि तो मी आज तुमच्याजवळ बोलून टाकणार आहे.

माझा जन्म घाटावरच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. चाकं आली, टाकी आली, हँडल आलं, आणि मी हळूहळू मी झाले. माझ्या पोटात गिअरची चाकं बसवली, त्यातल्या एका चाकाच्या दात्यात बारीकशी पोकळी राहून गेली होती. तपासणाऱ्या माणसानं ते चाक उचललं, तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. त्यानं न बघताच शिक्का मारला आणि तो डबा खायला गेला. माझ्या सगळ्या दुःखाचं मूळ त्या घाईत आहे. पण तेव्हा मला काय ठाऊक! मी नव्या रंगाच्या तोऱ्यात होते.

त्र्याऐंशी साली मी रत्नागिरीच्या शोरूममध्ये आले. आमच्या कंपनीचं जिल्ह्यात तेवढं एकच शोरूम होतं. तिथं मला न्यायला गंगाराम आला. गंगाराम बुरोंडीचा. बंदरावर होड्या लागल्या की मासळी घ्यायची आणि लोट्याला नेऊन विकायची, हा त्याचा आणि त्याच्या बायकोचा, मथुराचा, धंदा. लोट्याच्या कारखान्यांतली पहिली पाळी दुपारी सुटते. तेव्हा फाटकाबाहेर ताजी मासळी दिसली तर कामगार ती घरी घेऊन जातात. पण एसटीचे कंडक्टर पाट्यांच्या वासानं नाक मुरडायचे, गाडीत घ्यायचे नाहीत, आणि मासळी पोचेपर्यंत पाळी कधीच सुटून गेलेली असायची. म्हणून या दोघांनी पोटाला चिमटा काढून मला घेतलं होतं.

शोरूमचे शेठ गोड बोलणारे होते. त्यांनी मला हार घातला आणि गंगारामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ही आमची लेक समजा. वर्षभराची गॅरंटी आहे. सासरी काही कमीजास्त झालं, तर माहेरचं दार उघडं आहे."

गंगारामनं माझ्या टाकीवरून हात फिरवला. "शेठ, आमच्याकडं खारा वारा. लोखंड टिकत नाय. हिला काय लावू?"

शेठ हसले. "होडीला काय लावता?"

"मोरीचं तेल."

"मग तेच लावा की. हिला काय होतंय!"

मित्रांनो, हे शब्द मी माझ्या दोन्ही आरशांच्या साक्षीनं ऐकले आहेत. लक्षात ठेवा.

मोरी म्हणजे मुशी मासा. तिच्या काळजाचं तेल होडीच्या लाकडाला चोपडतात, म्हणजे खारं पाणी आत शिरत नाही. गंगाराम तेच तेल फडक्यानं माझ्या सांगाड्याला, तारांना, नळ्यांना लावू लागला. इंजिनात मात्र कंपनीचंच तेल घालायचा, त्यात कधी हयगय केली नाही. वासाचं म्हणाल तर काही विचारू नका. दापोलीच्या बाजारात मी उभी राहिले की मांजरं गोळा व्हायची. पण गंजाचा एक ठिपका माझ्या अंगावर आला नाही.

काय दिवस होते ते! मागे दोन बाजूंना दोन पाट्या, वर ओलं गोणपाट, मधे मथुरा. पापलेटं ऐसपैस बसायची आणि गंगाराम बिचारा टाकीला चिकटून. दापोली मागे टाकून खेडच्या वळणांना लागलो की मी नुसती गात सुटायचे. आम्ही लोट्याला पोचायचो तेव्हा पाळी सुटायला अवकाश असायचा. मथुरा कंपनीच्या बसमध्ये चढणाऱ्या माणसांना ओळखू लागली होती. "ताजी हाय, डोळा बघा तिचा," असं म्हणून ती सुरमई पुढे करायची. घराला नवी कौलं चढली. लोक मला बघून म्हणायचे, गंगारामची गाडी पायगुणाची.

फक्त दुसऱ्या गिअरला माझ्या पोटात टक् असा आवाज यायचा. पहिल्या सर्व्हिसिंगला गंगारामनं तो शेठना ऐकवला. ते म्हणाले, "नवी आहे, आवाज बसेल." माहेरचा माणूस सांगतोय म्हणून आम्ही दोघांनीही विश्वास ठेवला.

आवाज बसला नाही, मीच बसले. खेडच्या अलीकडच्या चढावर तो दाता तुटला, त्यानं बाकीच्या चाकांचा चुरा केला आणि मी जागच्या जागी अडकले. गॅरंटीची मुदत तेव्हा अजून बाकी होती. पाट्यांतली मासळी उन्हात खराब झाली. मथुरानं ती कातळाच्या कडेला ओतून दिली. "गाडी नीट व्हयल. गॅरंटी हाय ना," गंगाराम तिला म्हणाला.

टेम्पोत घालून त्यानं मला रत्नागिरीला नेलं. सोबत एक नारळ घेतला होता. मी पुन्हा सुरू झाले की माझ्या चाकापुढे तो फोडायचा होता. खेडच्या मिस्त्रीनं माझं पोट उघडून काढलेला, पोकळी दिसत असलेला तुटका दाता त्यानं रुमालात बांधून आणला होता.

त्या दिवशी कंपनीचा साहेब शोरूममध्ये आला होता. साहेबानं दाता हातात घेतला आणि बाजूला ठेवला. मग माझ्या सांगाड्याला बोट लावून वास घेतला.

"हे काय चोपडलंय?"

"मोरीचं तेल," गंगाराम कौतुकानं म्हणाला. "गंज धरत नाय."

"माशाचं तेल? मग इंजिनातही गेलं असणार. कंपनीनं न सांगितलेलं तेल वापरलं की गॅरंटी संपली."

"आत नाय वो, नुसतं भायेरून. आणि शेठच बोल्लं व्हतं, होडीला लावता तेच लावा."

साहेबानं शेठकडे पाहिलं. शेठचा चेहरा उतरला. एजन्सी जाईल ही भीती त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होती. "मी कशाला असं सांगू?" ते म्हणाले.

मी तिथंच उभी होते, मित्रांनो. पोटातला दाता कारखान्यातूनच किडका आला होता हे मला माहीत होतं, शेठचं बोलणंही मी ऐकलं होतं. पण माझा हॉर्नसुद्धा कुणीतरी दाबल्याशिवाय वाजत नाही.

मग गंगारामनं पिशवीतला नारळ काढून टेबलावर ठेवला. आमच्या किनाऱ्यावर वाद असाच मिटतो. नारळावर हात ठेवून माणूस जे बोलतो ते खरं, त्यापुढे पुरावा मागायचा नाही. समुद्रावर पोट असलेला माणूस त्यावर खोटं बोलत नाही. "शेठ, ह्याच्यावर हात ठेवून सांगा. तुमी सांगाल तां मी मानीन."

शेठनी नारळाकडे पाहिलं, साहेबाकडे पाहिलं. मग हात ठेवला. "मी तसं बोललो नाही."

मला वाटलं, आता गंगाराम भडकेल. तो भडकला नाही. त्याचं तोंड हळूहळू बारीक होत गेलं. "मंग माजीच कायतरी चूक झाली आसंल," तो म्हणाला. साहेब आणि शेठ, दोघांनाही त्यानं हात जोडले आणि मला ढकलत बाहेर आणलं. ज्या माहेराचं दार उघडं होतं म्हणे, तिथून मी अशी निघाले. गिअर मोडला तेव्हाही मला एवढं लागलं नव्हतं.

घरी मथुरानं सगळं ऐकलं. "अवो, शेठ बोल्ला व्हता. गाडी आणलीव त्याच दिवशी तुमी मला सांगितलंव की."

"नारळावर हात ठेवून कोण खोटा बोलंल गो? माज्याच डोक्यात तेलाचा खूळ व्हता. मीच मारली हिला."

तिनं परोपरीनं सांगितलं. तो ऐकेना. शेठ खोटे ठरले तर नारळही खोटा ठरतो, आणि ते त्याला झेपत नव्हतं. दुरुस्ती परवडणारी नव्हती. मला खोपीत कुडाला टेकवून ठेवलं. त्या दिवसापासून गंगारामनं मला हात लावला नाही, आपल्या हातात विष असल्यासारखा तो मला टाळायचा. मथुरा पुन्हा एसटीच्या मागे पाट्या घेऊन धावू लागली. लोट्याची गिऱ्हाइकं तुटली.

नारळी पुनवेच्या आधी होड्यांना तेल लागायचं. उरलेलं फडकं मथुरा गुपचूप माझ्या अंगावरून फिरवायची. मी एका कुशीवर टेकलेली, तेव्हा तिचा हात पोचायचा तो फक्त बाहेरच्या बाजूला. कुडाकडची बाजू तशीच राहायची. असे बरेच पावसाळे गेले.

गेल्या वर्षी भंगारवाला आला. मला त्याच्या हवाली करायला गंगारामनं मला कुडापासून ओढून उजेडात आणलं आणि तो थबकला. माझी एक बाजू गंजानं खाल्ली होती, तारा हात लावताच तुटत होत्या. दुसरी बाजू काळीभोर, तुकतुकीत. त्यानं त्या बाजूवरून बोट फिरवलं, वास घेतला. मथुरा दारात उभी होती. तिच्याकडे बघून तो म्हणाला, "तेलानं कायच वाईट केला नाय."

"मी तेच सांगतंय."

त्यानं तेच बोट पुन्हा नाकाशी नेलं. "म्हंजे माज्या डोक्यात खूळ नव्हता, मला आठवता तांच खरां. शेठ खोटाच बोल्ला. नारळावर हात ठेवून."

भंगारवाला रिकाम्या हातानं परत गेला. मला पुन्हा कुडाला टेकवलं, पण या वेळी गंजकी बाजू बाहेर ठेवून. हल्ली बंदरावर भांडण झालं आणि कुणी नारळ पुढे केला की गंगाराम उठून घरी जातो. आधी तोच सगळ्यांत पुढे असायचा.

मित्रांनो, वस्तू जपा असं मी तुम्हाला सांगणार नाही. गंगारामनं मला जिवापाड जपलं होतं. माझं मागणं एवढंच आहे, की बोललेला शब्द एखाद्या दिवशी अंगाशी आला, तर "होय, मी बोललो होतो" असं म्हणा. एजन्सी गेली असती, तर शेठनी दुसरी मिळवली असती. पण एक भला माणूस इतकी वर्षं स्वतःच्या हाताला दोष देत बसला, ती वर्षं कोण भरून देणार?

आता गंगाराम संध्याकाळी फडकं घेऊन येतो आणि माझ्या त्या गंजक्या बाजूला मोरीचं तेल लावतो. तिथं आता तेल लावण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही. तरी तो लावतो.