नळावरचा पवित्रा

बहात्तरच्या दुष्काळात सोलापुरातल्या त्या गल्लीत नळाला सकाळी जेमतेम अर्धा तास पाणी यायचं, आणि विजयमालेला मागं सारून पारूबाई रोज तिचा नंबर घ्यायची. विजयमालेच्या शाळेत धोंडिराम वस्ताद गॅदरिंगसाठी तिला आणि इतर मुलींना लाठी शिकवत होते. दोन महिने झाले, तरी नुसता पवित्राच चालला होता: डावा पाय पुढं, गुडघे वाकलेले, अंगाचा भार खाली.

"असं उभं राहिलीस तर समोरचा फोटो काढंल तुझा," थोरला भाऊ मानसिंग म्हणाला. "मारामारीत एवढा वेळ कोण देतंय?"

"आज घागर रिकामी आली तर लाठी बंद," आईनं निकाल दिला.

नळावर पारूबाईनं खांदा मारताच विजयमालेनं पवित्रा घ्यायचं ठरवलं. पण वस्तादांची शिस्त अशी, की आधी सलामी. ती वाकली, जमिनीला लावलेला हात कपाळाला लावला आणि वर बघते तर पारूबाईची घागर नळाखाली.

"पाया पडतीस व्हय? लई गुणाची पोर हाय," पारूबाई म्हणाली. सगळी रांग हसली.

विजयमालाही हसली. मग सलामी-बिलामी सोडून तिनं नळाशेजारीच गुडघे वाकवून पाय रोवले. आपली दुसरी घागर सरकवायला पारूबाईनं तिला कमरेनं रेटलं. पुन्हा रेटलं. विजयमाला जागची हलली नाही; पारूबाईच मागं सरकली.

भरली घागर चुलीपाशी ठेवून ती मानसिंगला म्हणाली, "वेळ गेला तो सलामीत, दादा. पाय तर तयारच होते."