सुट्टीचे कपडे

मे महिन्याचा पहिला पंधरवडा एकनाथच्या वाट्याचा होता. घटस्फोटाच्या वेळी कोर्टात तसं ठरलं होतं. बाकीचं वर्ष त्याची मुलगी ज्ञानदा पुण्याला आईकडं असायची. आईनं दोन वर्षांपूर्वी राजशेखर नावाच्या माणसाशी लग्न केलं होतं. ज्ञानदा त्याला शेखरकाका म्हणायची.

एकनाथ सोलापुरातल्या एका कॉलेजात हेडक्लार्क होता. घरात तो आणि त्याची थोरली बहीण लीला, बार्शीच्या शाळेतून निवृत्त झालेली, अशी दोघंच. दर मे महिन्यात ज्ञानदा यायची, आत्याच्या हातचं खायची, कूलरसमोर पडून मोबाइल बघायची आणि जायची. यंदा ती दहावी झाली होती. पुढच्या वर्षी क्लासेस, मग कॉलेज, मग ती येते की नाही कोण जाणे, असं मनात येऊन एकनाथनं गुहागरला समुद्राजवळ खोली ठरवली. प्राचार्यांच्या मागं लागून रजा मंजूर करून घेतली आणि ज्ञानदाला फोनवर सांगितलं.

तारखा कुठल्या ते तिनं दोनदा विचारलं. मग म्हणाली, "बाबा, मला ट्रिपसाठी कपडे लागतील. सोलापुरातच घेऊ या का?"

एकनाथ खूश झाला. तिचे कपडे कायम आई घ्यायची. फोन ठेवल्यावर त्याला धीर धरवेना. संध्याकाळी बाजारातून त्यानं वेताची मोठी हॅट आणि एक पिवळा टॉप आणला. लीलानं टॉप हातात धरून बघितला. "एवढी लहान राहिलीय का ती आता?" ती म्हणाली. "होईल की," तो म्हणाला.

टॉप झाला नाही. ज्ञानदानं आल्यावर तो नुसता अंगाला लावला, "क्यूट आहे," म्हणाली आणि होता तसा घडी घालून पिशवीत ठेवला. हॅट डोक्यावर घालून आरशात बघितली. "छान आहे बाबा, पण बॅगेत चेपते ही. घडी होणारी मिळते, कापडाची. तशी घेऊ."

ती एक छोटी सॅक घेऊन आली होती. लीलानं विचारलं, "एवढंच सामान?"

"बाकी नवीन घेणारच आहे की," ज्ञानदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत दोघं नवी पेठेत गेली. एकनाथला वाटलं होतं, ती ढीगभर कपडे काढायला लावील आणि आपल्याला नको म्हणावं लागेल. तसं काही झालं नाही. तिचं सगळं पक्कं होतं. कपडे मोजकेच घ्यायचे, पण कुठलाही टॉप कुठल्याही पँटवर चालला पाहिजे. चुरगळणारं कापड नको. रात्री धुतलं की सकाळी वाळलं पाहिजे. ती कापड मुठीत दाबायची, सोडायची, सुरकुती पडते का बघायची. एका दुकानदारानं भरगच्च फुलांचा गाऊन पुढं केला, तर म्हणाली, "हा एकटाच अर्धी बॅग खाईल." दुकानदार हसला आणि एकनाथकडं बघून म्हणाला, "पोरगी लई हुशार हाय तुमची." एकनाथला तेवढ्यानंही बरं वाटलं.

तिनं निळी सैल पँट घेतली, पांढरा शर्ट घेतला, गुंडाळून मुठीत मावणारी हॅट घेतली. एक मोठा सुती स्कार्फ घेतला. "हा बीचवर कमरेला बांधता येतो आणि विमानात एसीचा त्रास झाला की अंगावर," ती बोलून गेली. एकनाथ त्या वेळी रसवंतीकडं बघत होता. विमान हा शब्द त्यानं ऐकला, पण मुलं असंच कुठलं कुठलं बोलतात, असं म्हणून सोडून दिला.

बॅगेच्या दुकानात मोईन नावाचा त्याच्या ओळखीचा माणूस होता. ज्ञानदा एकेक बॅग उचलून बघायला लागली. "हलकी हवी. भरल्यावर सात किलोच्या वर जायला नको."

"एसटीत कोण वजन करतंय, बेटा?" मोईन म्हणाला. "कुठं निघाली?"

ज्ञानदा चेन उघडून बंद करत राहिली. एकनाथच म्हणाला, "गुहागरला. आम्ही दोघं." मोईननं त्याला चहा पाजला.

शेवटी एक ड्रेस राहिला होता. एका मोठ्या दुकानात ज्ञानदा ट्रायल रूममध्ये गेली आणि एकनाथ पिशव्या घेऊन पडद्याशेजारच्या स्टुलावर बसला. आत तिचा फोन वाजला.

"नाही रे शेखरकाका, अजून नाही सांगितलं," तिचा आवाज आला. हळू बोलत होती, पण मध्ये नुसता पडदाच होता. "सांगते. आधी सँडल होऊ देत. हो, पांढरंच घेतलंय. फोटोत तिघं मॅच होऊ. अंदमानला पाऊस असेल का रे तेव्हा?"

एकनाथ बसून राहिला. ती शेखरकाकाला 'अरे' म्हणते हे त्याला माहीत नव्हतं. एकनाथला मात्र ती लहानपणापासून 'तुम्ही' म्हणत आली होती. त्यांच्या घरात वडलांना तसंच म्हणत.

पडदा सरकला. पांढऱ्या ड्रेसमध्ये ती मोठी आणि देखणी दिसत होती. "कसा आहे?"

"चांगला आहे," तो म्हणाला. "सँडल राहिल्या ना अजून?"

सँडलच्या दुकानात तिनं तीन-चार जोड घालून बघितले. तो "हे बघ", "ते बघ" म्हणत राहिला. घरी येताना रिक्षात तो बाहेरच बघत बसला. तिला वाटलं, तो उन्हानं दमला.

संध्याकाळी ती दिवाणावर बॅग भरायला बसली. एकेक कपडा घट्ट गुंडाळून कडेला लावत होती. सँडलमध्ये मोजे, मोज्यांत चार्जर. लीला कौतुकानं बघत होती. "आमच्या वेळी एवढ्यासाठी ट्रंक लागायची गं."

"गुहागरला कुठला ड्रेस घालणार?" एकनाथनं दारातून विचारलं.

ज्ञानदाचे हात थांबले.

"पांढरा तर अंदमानला घालायचाय ना, तिघांनी," तो म्हणाला.

लीलानं आधी भावाकडं बघितलं, मग भाचीकडं. ज्ञानदाचा चेहरा उतरला. "मी सांगणारच होते, बाबा. आईला आणि शेखरकाकाला त्याच तारखांना सुट्टी मिळाली."

"कधी सांगणार होतीस? सँडल झाल्यावर?"

"तुम्ही ऐकलंत?" ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "ऐकलंत तर तिथंच का नाही बोललात? नंतर आणखी दुकानात नेलंत, हसून बघत बसलात. आई म्हणते ते खरंच आहे. तुम्ही त्या वेळी काही बोलत नाही आणि मग आत साठवून ठेवता."

"आईनं शिकवलंच असेल."

"मला कुणी शिकवत नाही. मला तुमच्याबरोबर खरेदीला जायचं होतं. तेवढं तरी व्हावं म्हणून नाही सांगितलं आधी."

हे वाक्य एकनाथच्या कानांवर पडलं, पण आत शिरलं नाही. त्याला पडद्याआडचं बोलणंच ऐकू येत होतं. तो म्हणाला, "कपडे ठेवून जा इथंच. त्या घरात काय कमी आहे? ते घेऊन देतील."

"एकनाथ," लीला म्हणाली.

ज्ञानदानं आत्याकडंही बघितलं नाही. गुंडाळलेला एकेक कपडा तिनं बाहेर काढला, उलगडला, घडी घातली आणि दिवाणावर रचला. वर स्कार्फ, स्कार्फवर हॅट. बॅग बंद करून भिंतीला लावून ठेवली. मग ती आत जाऊन झोपली. जेवायलाही उठली नाही.

सकाळी तिला न्यायला आई पुण्याहून गाडी घेऊन आली; त्यांचं तसं आधीच ठरलं होतं. वर आली नाही. फाटकाशी उभी राहिली. एकनाथ खाली गेला तेव्हा ज्ञानदा जुनी सॅक मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसलेली होती.

"सांगितलं ना हिनं सगळं?" आईनं विचारलं. "मी म्हटलं होतं, गेल्या गेल्या सांग. गुहागरचं मलाही वाईट वाटलं. दिवाळीत तुमच्याकडं जास्त दिवस पाठवीन."

ज्ञानदा काचेतून समोर बघत होती.

"सांगितलं," एकनाथ म्हणाला. "आल्या आल्याच सांगितलं."

तो पुन्हा जिना चढून वर गेला, कपडे बॅगेत कोंबले आणि धापा टाकत खाली आला. काच अर्धी उघडी होती. त्यानं बॅग पुढं केली. "घे. मी रागात बोललो."

"नको बाबा," ज्ञानदा शांतपणे म्हणाली. "माझे जुने आहेत मला."

"काय आहे ते?" आईनं विचारलं.

"काही नाही," दोघंही एकदम म्हणाली. ज्ञानदानं काच वर केली.

एकनाथनं रजा रद्द केली. ऑफिसात कुणी विचारलं तर मुलीच्या तब्येतीचं कारण सांगितलं. लीला त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. एकदा वाढता वाढता म्हणाली, "तिनं चूक केली. पोर आहे ती. तू कोण आहेस?" त्यानं पानातलं संपवलं आणि उठला.

पुढच्या आठवड्यात दुपारी ज्ञानदाच्या आईचा मेसेज आला. एरवी ती त्याला कधी लिहायची नाही. सोबत एक फोटो होता. निळा समुद्र, आई आणि राजशेखर पांढऱ्या कपड्यांत आणि बाजूला ज्ञानदा, शाळेच्या खेळाच्या तासाच्या विटक्या टी-शर्टमध्ये. ती हसत नव्हती.

खाली लिहिलं होतं : 'रोज हाच घालते. आम्ही इथं घेऊन दिलेले कपडे हातातही धरत नाही. सगळ्यांच्या सुट्टीचा विचका झालाय. काय बोललात तिला?'

एकनाथनं उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मग ते तसंच सोडून ज्ञानदाला फोन लावला. बराच वेळ रिंग वाजली. तिनं उचलला नाही. समोरच्या टेबलावर प्रवेशाचे अर्ज साचले होते आणि खिडकीबाहेर मुलं खोळंबली होती. त्यानं फोन उपडा ठेवला आणि पहिल्या मुलाला आत बोलावलं.