तिसऱ्या चौकाची फरशी

जुन्या वाड्याचा पहिला चौक.
गवंडीणबाई इथे थांबल्याच नाहीत. लेकीचा हात धरून तरातरा पुढे निघाल्या. लेक आजवर सगळ्यांना एवढंच सांगत आली होती, की आई मजुरीला जाते. आज तिला आपलं काम दाखवायचंच, असं बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं.

दुसरा चौक.
"आई, हे कोरीवकाम तरी बघू दे."
"ते दुसऱ्यांचं आहे. परत येताना बघ."

तिसरा चौक.
सफाईवाल्याने बादली ओतली. पाणी फरशीवरून सरकत कोपऱ्यातल्या मोरीत गेलं. मागे थेंबभरही साचलं नाही.
"चारशे वर्षांची फरशी," गाइड सांगत होता. "असा उतार आता कुणाला जमत नाही."
"मला जमला," बाई म्हणाल्या. "अकरा वर्षांपूर्वी. जुनी फरशी खचली होती."
गाइड हसला. "पुरावा?"
"दुरुस्तीच्या प्रत्येक दगडाखाली आम्ही साल कोरतो. पुढच्यांची फसगत नको म्हणून. उचला एखादा."
"त्याला परवानगी लागते हो, बाई."
"खरंय बाईंचं," सफाईवाला मधेच बोलला. "उतार मोजायला पाण्याच्या नळीचं टोक हातात देऊन आठ दिवस मला उन्हात उभं केलं होतं यांनी. विसरेन कसा?"
तेवढ्यात पर्यटकांचा पुढचा घोळका आत शिरला. गाइडने तोंड उघडायच्या आत लेक पुढे झाली.
"ही फरशी माझ्या आईने बसवली आहे," ती म्हणाली. "ही बघा, माझी आई."