भलतं धृपद

"प्राजक्ता, रसायन न घातलेल्या नमुन्यातही आरएनए शिल्लक नाही. हे आपल्या रसायनाचं काम नव्हे." उत्कर्षा मॅडमनी स्क्रीनवरची नजर हलवली नाही. "सकाळी कपाळाला हात लागला का तुझा?"

मोशीच्या सप्ताहातला काकडा आटोपून प्राजक्ता थेट चाकणच्या प्रयोगशाळेत आली होती. घामाने कपाळावरचा बुक्का डोळ्यांत उतरू लागला, तो तिने हातमोज्यानेच पुसला आणि त्याच हाताने नळ्या उघडल्या. घामातलं विकर, म्हणजे एन्झाइम, आरएनएचा फडशा पाडतं, हे नव्या मुलांना तीच बजावायची.

"लागला, मॅडम."

"सप्ताहातल्या माउलींना सांग, बुक्का संध्याकाळी लावा म्हणावं," मॅडम म्हणाल्या; पण हसू ओठांपुरतंच होतं. या खेपेला जमलं नाही, तर काम गुंडाळायचं ठरलं होतं. आजवरच्या प्रत्येक रसायनाने कर्करोगाच्या पेशींबरोबर निरोगी पेशीही मारल्या होत्या.

आईला, सुभद्राबाईंना, तिने हे काम कीर्तनातून समजावलं होतं. डीएनए म्हणजे पोथी, आरएनए म्हणजे त्यातलं चरण उचलून धरणारा टाळकरी. एकाने भलतंच धृपद धरलं, की सगळं कीर्तन बहकतं. आपलं रसायन तेवढ्या एकाच्याच खांद्यावर हात ठेवून त्याला गप्प करणार. केमोने नखं काळी पडलेल्या, जिभेची चव गेलेल्या सुभद्राबाई त्यावर एवढंच म्हणाल्या होत्या, "बाकीच्यांना धक्का लागाया नको, बाई."

फ्रीजरमध्ये नमुन्यांचा अर्धा वाटा उरला होता. शेवटचाच. प्राजक्ताने तोंड धुतलं, नवे हातमोजे चढवले आणि मनातल्या मनात नाम घेत एकेक नळी उघडली. मान खाजली, तरी हात वर गेला नाही.

दुपारी स्क्रीनवर उत्तर उमटलं. रसायन न घातलेल्या नमुन्यात आरएनए ठणठणीत होता. रसायन घातलेल्यात तो एकच, बिघडलेला आरएनए जवळजवळ नाहीसा झाला होता. दोघी सूक्ष्मदर्शकाकडे धावल्या. एका बशीत कर्करोगाच्या पेशी आक्रसून तरंगत होत्या. दुसऱ्या बशीत, तेच रसायन घालूनही, निरोगी पेशी ऐसपैस पसरल्या होत्या. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले आणि वरच्या मजल्यावरच्या वरिष्ठांना फोन लावून सांगितलं, काम चालू राहील.

प्राजक्ताने घरी फोन लावला. "आई, जमलं गं. पण अजून बशीतच. औषध व्हायला वर्षं जातील."

"ते राहू दे. चांगल्या जगल्या का?"

"सगळ्या जगल्या."

"मला न्हाई तर न्हाई, कुनाच्या तरी लेकीला व्हईल," असं म्हणून सुभद्राबाईंनी नवऱ्याला, भिमाजींना, हाक मारली, "अवं, ऐकलं का? चांगल्या जगल्या!"

फोन ठेवून प्राजक्ता पुन्हा भिंगाशी वाकली. कडेची एक निरोगी पेशी, सावकाश, एकाची दोन होत होती.