पाइपाच्या वरचं पाणी

विजयश्रीने लॅपटॉप मुरारीआबांच्या पुढ्यात सरकवला. पडद्यावर लाल-निळे चौकोन होते.

“आपल्या ओढ्यातल्या गोगलगायी, आबा. त्रास झाला की अंगातली हजारो जनुकं जागी होतात नाहीतर झोपतात. लाल म्हणजे जागी. पाइपाच्या खालचं बघा.”

सगळं लाल होतं.

पाइप गावातल्याच दिग्विजयच्या, धातूंना मुलामा देणाऱ्या चाकणच्या प्लेटिंग कारखान्याचा. सात वर्षांपूर्वी आबांच्या तीन म्हशी एका दिवसात मेल्या, तेव्हा ग्रामसभेत आबांनी त्याचं नाव घेतलं. पाणी तपासलं, स्वच्छ निघालं. तपासणीची कुणकुण त्याला आधीच लागली होती; त्या दिवशी पाइप बंद होता. “फवारणीचं औषध तूच पाजलं असशील,” म्हणून दिग्विजय हसला. गावही हसलं. आबा पुन्हा पारावर बसले नाहीत. तेव्हा बारावीत असलेली त्यांची लेक विजयश्री ते हसू कानात घेऊनच जीवशास्त्राकडे वळली.

“आताबी पाण्याचा कागद दाखवंल त्यो.”

“दाखवू दे. पाणी वाहून जातं. गोगलगायी तिथंच असतात. क्रोमियम, निकेल, सगळं सांगतात.”

आबांचा चेहरा उजळला. मग त्यांचं बोट वरच्या तीन ओळींवर थांबलं.

“आन् ह्ये कुठलं लाल?”

तिने नजर वळवली. “पाइपाच्या वरचं. आपल्या शेताजवळचं. तिथली जागी जनुकं वेगळी आहेत, कीटकनाशकाची.” ती आबांकडे वळली. “म्हशी त्या दिवशी कुठं प्यायल्या होत्या?”

आबांनी पडद्यावरचं बोट काढून घेतलं.

“वरच्या अंगाला. सकाळी म्या फवारणीचा पंप तिथंच धुतला व्हता.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“इचार आला व्हता. दाबला.”

तिचा हात त्या ओळी पुसायला पुढे झाला.

“काढल्या तर?” आबांनी विचारलं.

“दिग्विजय पाइपाच्या वरचेही नमुने तपासायला लावेल. मग सगळाच अहवाल खोटा ठरेल.”

“आन् ठिवल्या तर?”

“कारखान्यावर कारवाई होईल. पण म्हशी तुम्हीच मारल्या, असं तो गावभर सांगत फिरेल.”

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“फिरू दे. माझं नाक जातंय तर जाऊ दे, पोरी. अपशकुन त्याला व्हायलाच पायजे. पाठव.”

एकही ओळ न काढता तिने अहवाल प्रदूषण मंडळाला पाठवला.

टोपी परत डोक्यावर चढवत आबा म्हणाले, “त्या म्हशींतली धाकटी गाभण व्हती.”