च्युइंगमएवढं यंत्र

योगिताचा जीव आठवडाभर एका एवढ्याशा पट्टीत अडकला होता. पट्टी म्हणजे एसएसडी. कम्प्युटरचं सगळं पोटात ठेवणारी, च्युइंगमच्या पाकिटाएवढी.

भेस्तानच्या दोन खोल्यांत तिनं व्हिडिओ बघून बघून स्वतःच कम्प्युटर जुळवला होता. कॅबिनेट भंगारातलं, बोर्ड एकाचा, पंखा दुसऱ्याचा. सगळा संसार उसनवारीचा, पण चालत होता. त्यावर ती इच्छापोरच्या एका कारखान्यासाठी साड्यांच्या भरतकामाची डिझाइनं काढायची. मग जुनी हार्ड डिस्क खाटखूट करायला लागली आणि एक दिवस एका पदराचं अख्खं डिझाइन गिळून बसली. कारखान्यातले प्रशांतभाई ओरडले नाहीत, हेच वाईट. शांतपणे म्हणाले, "योगिताबेन, शुक्रवारी पाचपर्यंत मशीन ठीक झालं तर कळवा. नाहीतर सोमवारपासून इथं येऊन बसा."

इच्छापोर शहराच्या दुसऱ्या टोकाला; तिथं बसायचं म्हणजे दिवस उजाडता निघायचं, दिवेलागणीला परतायचं. नवरा, वाल्मिक, चलथाणच्या साखर कारखान्यात पाळीवर. मग सासूबाईंजवळ कोण? मोरीत घसरून पडल्यापासून धुरपदाबाई भिंत धरून चालत होत्या. रविवारी जेवताना वाल्मिकनं विषय काढलाच. "आईला दगादादाकडे धुळ्याला ठेवू थोडे दिवस."

दगादादा वाल्मिकचा थोरला भाऊ. त्याच्या बायकोचं आणि सासूबाईंचं किती पटायचं ते सगळ्या भाऊबंदांना ठाऊक होतं. धुरपदाबाईंच्या ताटातला भात तसाच राहिला.

म्हणून ही पट्टी. म्हणून सोमवारपासून योगिता पोळी लाटताना मोबाइल पोळपाटाशी टेकवून एकेका पट्टीचं गुणगान ऐकत होती, आणि खाली लोकांनी लिहिलेल्या शिव्या वाचत होती. कुणाची सहा महिन्यांत मेली, कुणाची तापून चहा उकळेल अशी झाली. जी आवडायची तिच्याच खाली कुणीतरी रडत असायचं.

"मला बघायला आलेलीस तू आणि तुझी आई," वाल्मिक म्हणाला, "तेव्हा चहा संपायच्या आत हो म्हणालात."

"म्हणून तर आता सगळं वाचून घेते."

शुक्रवारी दुपारी रिंग रोडवरच्या दुकानात काउंटरमागच्या भाईनं तिच्यापुढे सगळ्यात वेगवान पट्टी ठेवली. खोक्यावरचा आकडा डोळे दिपवणारा.

"हा आकडा साडीच्या वरच्या घडीसारखा असतो भाई," योगिता म्हणाली. "दाखवण्यापुरता. पट्टी थोडा वेळ पळते, मग आतली जागा भरली की रखडते. माझ्या फाइली मोठ्या. आणि आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही."

"बेन, जमाई पसंद करो छो के एसएसडी?"

"जमाई बिघडला तर मुलगी माहेरी तरी येते. डिझाइन गेलं की गेलं."

भाई हसला आणि आतून दुसरी काढून आणली. वेगात जराशी मागे, पण स्वतःची वेगळी मेमरी असलेली, पाच वर्षांच्या वॉरंटीची. योगितानं खोक्यावरचा नंबर तिथंच कंपनीच्या साइटवर टाकून बघितला. अस्सल निघाली. तरी रिक्षात बसल्यावर वाटायला लागलं, ती पहिलीच घ्यायला हवी होती.

घरी आल्यावर तिनं पट्टी पाकिटातून काढून टेबलावर ठेवली, कॅबिनेटचं झाकण उघडलं, आणि तेवढ्यात खालून गॅसवाल्यानं हाक मारली. सिलिंडर चढवून घेऊन ती परत आली, तशीच घाईत पट्टी उचलली, खाचेत सरकवली, स्क्रू पिळला आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. जुनी डिस्क खाटखुटली. नव्या पट्टीचं नावही पडद्यावर नाही.

बंद केलं, चालू केलं. नाही. स्क्रू सैल करून परत पिळला. नाही. दुकानात फोन लावला तर भाई म्हणाला, "बेन, मारो माल ओके छे, तमारो बोर्ड जुओ." बोर्ड जुना, उसना, तेव्हा भांडायचीही सोय नाही. योगिता खुर्चीवरून उठली, बसली, पाणी प्यायली, परत उठली. चार वाजून गेले होते.

धुरपदाबाई पलंगाच्या कडेला बसून सगळं बघत होत्या. "लागनं का वं?"

"नाही, आई."

जरा वेळानं पुन्हा. "आते लागनं?"

"आई, लागलं की मी सांगते ना!"

आवाज चढला तसं तिचं तिलाच कसंनुसं झालं. सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला आणि त्या भिंतीकडे बघत बसल्या. कोपऱ्यात त्यांची कापडी पिशवी होती. रविवारपासून तिच्यात दोन लुगडी घडी करून ठेवलेली योगितानं पाहिली होती, पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

शेवटी तिनं ठरवलं, दुकानात परत नेऊन आपटायची आणि प्रशांतभाईंना येते म्हणून कळवायचं. प्लग काढला, स्क्रू काढला, पट्टी उपसली. पाकिटात घालताना ती उलटी झाली.

मागच्या बाजूला, जिथं पट्टीचे सोनेरी दात बोर्डात रुततात, तिथं लालभडक कुंकू. चांगलं ओलं करून, दाबून लावलेलं. शेजारी हळदीचं बोटही.

"आई?"

"मी लावं," धुरपदाबाई म्हणाल्या. "घरमा नवं यंतर उनं नि कुंकू नही? वरथून कागद चिकटाडेल व्हता. मंग फिराई दिनं. सोनं दिसनं, तठे लावं." मग खालच्या आवाजात, "म्हनं, तुनं काम घरमाच राहो."

योगिताला हसू येत होतं, आणि त्याच्या मागोमाग दुसरंही काही येत होतं. ते येऊ न देता तिनं ड्रॉवरमधून खोडरबर काढला आणि एकेक दात घासायला घेतला, हलक्या हातानं, चांदीचं निरांजन घासावं तसा. कोरड्या कपड्यानं पुसलं, फुंकर मारली, उजेडात धरून बघितलं. परत घासलं.

खाच, स्क्रू, प्लग, बटण. पंखा फिरला.

पडद्यावर पट्टीचं नाव आलं.

तिनं आधी फोन केला. "प्रशांतभाई, फाइल पाठवा. घरूनच करते." मग जुन्या डिस्कमधली सगळी डिझाइनं नव्या पट्टीत उतरवायला लावली. तरी जुनीही टाकायची नाही, दोन ठिकाणी असलेलं बरं, असं मनाशी ठरवून पडद्यावरची हिरवी रेघ सरकताना ती डोळा न हलवता बघत राहिली. लाइट जाईल की काय, हा घोर होताच.

"मनं कुंकू कामले उनं ना?" पाठीमागून सासूबाई.

"आलं, आई. जरा जास्तच आलं." योगितानं देव्हाऱ्यातली कुंकवाची कोयरी आणून त्यांच्या हातात दिली आणि हात धरून त्यांना कॅबिनेटपाशी आणलं. "आता इथं लावा. ह्या पत्र्यावर. पाहिजे तेवढं."