चादरींच्या भरवशावरची तार

मित्रांनो, जरा मान वर करा. अजून थोडी. दातांच्या दवाखान्याच्या छपरावरून निघून शेजारच्या लॉजच्या गच्चीपर्यंत गेलेली ती जुनी तांब्याची तार म्हणजे मी. माझ्यावर एक कावळा बसलेला दिसेल. त्याचा या गोष्टीशी काही संबंध नाही. तो सगळीकडेच बसतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका जाड सळईला ओढून, ओढून आणि पुन्हा ओढून मला बारीक केलं. लहानपणी बाकीच्यांचे कान ओढतात, माझं अख्खं अंग ओढलं. मग अंगावर प्लास्टिकचं कातडं चढवलं. माझ्या बरोबरीच्या तारा पंख्यांत गेल्या, मोटारींत गेल्या, गोल गोल फिरून संसाराला लागल्या. मी दुकानाच्या फळीवर वेटोळं घालून पडून होते. एक दिवस दातांचे डॉक्टर आले. त्यांनी मला उजेडात धरून दोन्ही बाजूंनी तपासलं. आता हे आपल्याला आ करायला सांगणार, असं मला वाटलं. पण त्यांनी मला विकत घेतलं.

डॉक्टर हौशी रेडिओवाले होते. म्हणजे रीतसर परीक्षा देऊन परवाना काढायचा, घरात यंत्र ठेवायचं आणि दूरदूरच्या अनोळखी माणसांशी बोलायचं. दवाखान्यात समोरच्याच्या तोंडात यांचे हात असत, त्यामुळे त्याला बोलता येत नसे. म्हणून गप्पा मारायला माणसं शोधत डॉक्टर वरच्या खोलीत जात.

पण नुसत्या गप्पा नव्हत्या. डोंगरात वादळ झालं की लष्कराचे रेडिओचे मनोरे पडतात. अशा वेळी निरोप पोचवायला म्हणून छावणीने काही रेडिओवाल्यांची नावं लिहून घेतली होती. त्यात आमचे डॉक्टर होते. दर रविवारी दुपारी छावणीतले हवालदार हवेतूनच सगळ्यांची हजेरी घेत. हवेत डॉक्टरांचं नाव होतं 'दवाखाना'.

मला ताणून बांधायचं, तर दुसरा खांब लॉजच्या गच्चीत हवा होता. लॉज काकूंचा.

"खांब माझ्या गच्चीत, म्हणजे तार अर्धी माझी," काकू म्हणाल्या. "मी तिच्यावर चादरी वाळत घालणार."

"काकू, ही बोलायची तार आहे."

"बोलू दे की. मी काय तिच्या तोंडावर घालणार आहे? अंगावर घालीन."

ठरलं. डॉक्टर बोलायला बसले की खिडकीत लाल फडकं लावत. फडकं दिसलं की मला हात लावायचा नाही. काकूंनी एकदाच लावला. त्यानंतर त्या फडक्याला वचकून असत.

आता मित्रांनो, थोडं अवघड सांगते. माझ्यासारखीची लांबी अगदी बेताची लागते. ती बरोबर असेल तर यंत्रातला आवाज माझ्यातून सुटतो आणि डोंगर ओलांडतो. चुकीची असेल तर तो विसरलेली छत्री न्यायला आलेल्या पाहुण्यासारखा परत घरात येतो. डॉक्टरांनी मला यंत्रावरचा काटा बघत बघत, बोटबोटभर कापत बरोबर लांबीवर आणलं. दवाखान्याला सुट्टी रविवारी, म्हणून हे काम रविवारी दुपारी चाले. आणि रविवारी दुपारी माझ्यावर काय असे? शनिवारचे पाहुणे गेल्यावर काकूंनी धुतलेल्या, पाणी गळणाऱ्या चादरी.

अंगावर ओलं कापड असलं की तारेला आपण आहोत त्यापेक्षा लांब आहोत असं वाटतं. यंत्रालाही तसंच वाटतं. म्हणून डॉक्टरांनी मला कापलं ते जरा जास्तच कापलं. मला कळत होतं. पण माझ्यातून जगाशी बोलता येतं, फक्त मला बोलता येत नाही. कापलेले तुकडे काकूंनी टोमॅटोची रोपं बांधायला नेले.

पुढची वर्षं मजेत गेली. "दवाखाना, तुमचा आवाज घंटेसारखा येतो," असं हवालदार दर रविवारी म्हणत. आठवड्याच्या मधे डॉक्टर सहसा बोलत नसत, ऐकत असत. ऐकायला मी तशीही बरी होते. त्यामुळे कुणालाच काही कळलं नाही.

मग एका आठवड्यात डोंगरात मोठं वादळ झालं. आमच्याकडे नुसता वारा सुटला, कावळा दोन दिवस आला नाही. पण तिकडे लष्कराचे मनोरे आडवे झाले आणि नदीवरचा पूल वाहून गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन होतं. डॉक्टर पोस्टमास्तरांची दाढ काढायच्या तयारीत होते. भूल देऊन झाली होती. तेवढ्यात वरच्या खोलीतून हवालदारांचा आवाज आला. डॉक्टर पोस्टमास्तरांना म्हणाले, "तोंड उघडंच ठेवा, आलो." आणि जिना चढून गेले.

"दवाखाना, मी छावणी. वरच्या चौकीवरची पोरं आज खाली उतरणार आहेत. त्यांना पूल गेल्याचं माहीत नाही. मधे डोंगर आहे, आम्हाला त्यांचा आवाज येत नाही. तुम्हाला येतो का? ओव्हर."

येत होता. बारीक, पण स्वच्छ.

"चौकी बोलतेय. आम्ही पाच जण निघतोय. धुकं इतकं आहे की पुढच्याचा पाय दिसत नाही. दोर आवरून झाले की बॅटरी वाचवायला यंत्र बंद करतो. कुणी ऐकतंय का? ओव्हर."

डॉक्टरांनी बटण दाबलं. "चौकी, निघू नका. पूल नाही. ओव्हर."

"कुणी ऐकतंय का? ओव्हर."

डॉक्टर पुन्हा बोलले. मोठ्याने बोलले. सगळा आवाज माझ्यापर्यंत येई आणि उलट्या पावली यंत्रात परत जाई. काटा भलतीकडे पडला होता. डॉक्टरांनी जोडण्या तपासल्या, मग यंत्राच्या गालावर एक चापट मारली. माणसांच्या बाबतीत ते असलं काही करत नाहीत. यंत्र ढिम्म. मग त्यांनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. मी उघडीबोडकी उन्हात चमकत होते. डॉक्टर नुसते बघतच राहिले. मला कापतानाचे सगळे रविवार त्यांना एकदम आठवले असावेत.

म्हणजे बघा, पूल गेला म्हणून पाहुणे नाहीत. पाहुणे नाहीत म्हणून चादरी नाहीत. आणि चादरी नाहीत म्हणून पूल गेल्याचं सांगता येत नाही.

नव्या तारेचा तुकडा जोडायचा तर खांबावर चढावं लागलं असतं, आणि तेवढा वेळ नव्हता. डॉक्टर गच्चीच्या कठड्यावरून ओरडले, "काकू, चादरी वाळत घाला."

"कुठल्या? पाहुणेच नाहीत."

"कपाटातल्या."

"त्या धुतलेल्या आहेत. इस्त्री केलेल्या आहेत."

"भिजवा."

भुलीचं इंजेक्शन डॉक्टरांनी चुकून स्वतःलाच टोचून घेतलं असावं, अशा नजरेने काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "डॉक्टर, स्वच्छ चादर मी कशाला भिजवू?"

"वरून पाच पोरं निघालीत, आणि वाटेत पूल नाही. तुमच्या ओल्या चादरी असल्याशिवाय माझा आवाज पोचत नाही. का ते नंतर सांगतो, मलाही आत्ताच कळलंय."

काकू आत जायला वळल्या. मग म्हणाल्या, "पलंगपोस पण आणू?"

"भिजेल ते आणा."

काकूंनी कपाट रिकामं केलं. त्या घड्या मोडत होत्या आणि प्रत्येक घडीला "गेली इस्त्री" म्हणत होत्या. पोस्टमास्तर काय गडबड आहे ते बघायला लॉजच्या गच्चीत आले, ते गळ्यातल्या दवाखान्याच्या फडक्यासकट बादल्या उचलू लागले. तोंड त्यांनी सांगितल्याप्रमाणे अजून उघडंच ठेवलं होतं.

"टाकीकडे दुहेरी घालते मी नेहमी," काकू त्यांना म्हणाल्या. "नेहमीसारखंच हवंय ना? मग नीट घाला. ती पिळू नका, गळू दे."

चादरी चढल्या, पलंगपोस चढले, वर उशांचे अभ्रे. थंड पाणी माझ्या अंगावरून ओघळलं आणि मला पुन्हा आपण बरोबर मापाच्या आहोत असं वाटलं. खिडकीत लाल फडकं लागलं. काकू आणि पोस्टमास्तर मागे सरले.

"चौकी, निघू नका. पूल गेलाय. ओव्हर."

काहीच आलं नाही. काकूंनी पदराचं टोक मुठीत धरलं. डॉक्टर पुन्हा तेच बोलले, शब्द सुटे सुटे करून.

"पूल गेलाय. निघत नाही. कोण बोलतंय? ओव्हर."

"दवाखाना. ओव्हर."

"दातांचा? ओव्हर."

"दातांचाच. ओव्हर."

"सर, मी दाढ दाखवायलाच उतरत होतो. ओव्हर."

मधेच हवालदार आले. त्यांना डोंगरापलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण डॉक्टरांचं येत होतं. "दवाखाना, निरोप पोचला का? आणि हे दातांचं काय चाललंय? खाजगी बोलणं नको. ओव्हर."

"निरोप पोचला. पोरं वरच थांबलीत. आणि बोलणं खाजगी नाही, दाढ लष्कराची आहे. ओव्हर."

 हवालदार म्हणाले, "वरची की खालची ते विचारा. ओव्हर."

खालची होती. डॉक्टरांनी कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरायला सांगितलं आणि मग खाली जाऊन पोस्टमास्तरांची काढली. तोवर भूल उतरत आली होती, पण पोस्टमास्तर कुरकुरले नाहीत.

नवा पूल झाल्यावर ते पाचही जण उतरले. दाढेचं काम आटोपून सगळे गच्चीत आले. काकूंनी एकेकाला बोटाने मोजलं, मग पुन्हा मोजलं. दाढवाल्याने चादर बाजूला सारून मला पाहिलं आणि म्हणाला, "एवढीशीच आहे?" मला मुळीच राग आला नाही. त्याने दोन बोटांनी मला हळूच दाबलं. हात गरम होता.

आता माझी लांबी खरी आहे. डॉक्टरांनी मला नव्या तारेचा तुकडा जोडला आणि कोरड्या अंगाने पुन्हा मापात आणलं. काकूंना वेगळी दोरी मिळाली. रविवारी शेजारी चादरी फडफडतात तेव्हा मला जरा रिकामं वाटतं, खोटं कशाला सांगू?

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी वस्तू, एखादं माणूस वर्षानुवर्षं बिनबोभाट काम करत असेल. ते कशाच्या भरवशावर चाललंय, ते एकदा बघा. चांगलं ऊन असताना, कुणालाच घाई नसताना बघा. वरच्या चादरी जरा बाजूला काढा, हात लावा, कुठे कमी पडतंय का ते विचारा. कारण पलीकडचा माणूस आपलं बोलून थांबलेला असतो, आणि कुणी उत्तर देतंय का ते ऐकत असतो.